नाशिकच्या काळ्या दगडाची खोली, १:८७ मापात: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

मॉडेल रेल्वेसाठी तयार मिळणारी घरांची किट बहुतेक जर्मन नाही तर इंग्रजी वळणाची असतात. लाकडी चौकटींची, नाही तर लाल विटांची. घाट उतरून येणारी आपली मालगाडी त्या घरापुढून गेली की लेआउट (रूळ, घरे, डोंगर मांडलेला आपला देखावा) नेमका कुठला, हेच कळेनासे होते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे थळ घाट चढून १८६५ साली इगतपुरीला पोचली. त्या मार्गावरचे जुने बांधकाम पाहावे तर काळा दगड: बोगद्यांची तोंडे, पुलांचे खांब, रुळांकाठच्या खोल्या. यातली पहिल्या प्रयत्नाला झेपेल अशी वस्तू म्हणजे हत्यारे ठेवायची दुपाखी छपराची खोली. एक दार, चार खिडक्या, वर पन्हळी पत्रा. तीच इथे १:८७ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या हिश्श्याएवढी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधायची आहे.

आधी दगड नीट पाहा

नाशिकमध्ये दगडी काम तीन तऱ्हेचे दिसते आणि नवखा माणूस तिन्हींची गल्लत करतो. काळाराम मंदिर, सुंदरनारायण मंदिर ही घडीव चिऱ्यांची कामे. दोन चिऱ्यांमधली दरज इतकी बारीक की १:८७ मध्ये ती दिसणारच नाही. गोदाकाठचे घाट दुसऱ्या प्रकारात येतात: मोठे दगड, झिजलेल्या कडा, मधूनमधून डागडुजीचे सिमेंट. तिसरा प्रकार जुन्या कंपाउंडच्या भिंतींत, वाड्यांच्या जोत्यांत आणि रेल्वेच्या छोट्या इमारतींत सापडतो. थर सरळ, पण दगडाचे तोंड खडबडीत, लांबी कमीजास्त, आणि दरज बोटभर नसली तरी स्पष्ट दिसणारी. आपल्याला हा तिसरा हवा. पांडवलेणी इथे कामाची नाहीत, तो कोरलेला डोंगर आहे, त्याला दरजाच नाहीत.

रंगही तिथेच पाहून घ्या. आपला दगड म्हणजे बेसॉल्ट. नुकता फोडलेला असला तर निळसर काळा, पावसापाण्यात वर्षानुवर्षे राहिला की राखाडी, कुठे तपकिरी, कुठे गंजाची झाक. ओला झाला की पुन्हा काळा. म्हणजे ‘काळा दगड’ हे बोलायला ठीक, रंगाची डबी उचलताना विसरायचे. एकाच भिंतीचा फोटो भर दुपारी आणि पाऊस थांबल्यावर असे दोनदा काढा. दोन फोटो शेजारी ठेवले की मुद्दा आपोआप पटतो.

माप घेताना टेप लावता आली नाही तरी अडत नाही. दारासमोर सरळ उभे राहून, कॅमेरा तिरका न धरता फोटो काढा आणि जमिनीपासून दाराच्या माथ्यापर्यंत थर मोजा. दार साधारण ७ फुटांचे असते. १० थर भरले तर एक थर साडेआठ इंचांच्या आसपास. रेल्वेची इमारत पाहायची तर फलाटावरून किंवा रस्त्यावरून पाहा. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि वळणावरून येणारी गाडी तर कलमही विचारत नाही.

मापे

एचओ म्हणजे १:८७. लक्षात ठेवायचा आकडा एकच: १ फूट म्हणजे ३.५ मि.मी. तुमच्याकडच्या गाड्या ओओ मापाच्या (१:७६) असतील तर १ फुटाला ४ मि.मी. धरून पुढचे सगळे आकडे वाढवा. दोन्हींचे रूळ १६.५ मि.मी. रुंदीचेच असतात, त्यामुळे रुळावरून माप ओळखता येत नाही, डब्याच्या खोक्यावर पाहावे लागते. आपला ब्रॉडगेज १,६७६ मि.मी. म्हणजे १:८७ मध्ये १९.३ मि.मी. व्हायला हवा. बाजारच्या रुळात तो अरुंदच राहतो. त्याची चिंता इमारतीने करायची नाही, इमारत मापाशी बांधील, रुळाशी नाही.

खोली २० फूट बाय १२ फूट, भिंतीची उंची १० फूट धरू. कागदावर ती ७० बाय ४२ मि.मी. आणि उंची ३५ मि.मी. दगडी भिंत दीड फूट जाड असते, म्हणजे सव्वापाच मि.मी. बाजारात ५ मि.मी. जाडीचा सनबोर्ड (पाट्या बनवायचा हलका प्लास्टिकचा तक्ता) सहज मिळतो. ही सोय सोडू नका, कारण दगडी घराचा जडपणा खिडकीच्या खोलीतून कळतो. दोन मि.मी. पुठ्ठ्याची भिंत कितीही सुंदर रंगवा, खिडकीपाशी ती पत्र्यासारखी पातळ दिसते.

आता थर. ३५ मि.मी. उंचीत २.५ मि.मी.चे बरोबर १४ थर बसतात. खिडकीचा तळ चौथ्या थरावर (१० मि.मी.), खिडकी आणि दार दोन्हींचा माथा दहाव्या थरावर (२५ मि.मी.). म्हणजे दार १०.५ बाय २५, खिडकी ९ बाय १५. उघडणीची कड थरावर पडली की कापताना आणि रेघा ओढताना निम्मा त्रास वाचतो. गवंडीही हेच करतो, थर तोडून खिडकी बसवत नाही.

छपराचा उतार ३० अंश. ४२ मि.मी. रुंदीच्या निम्म्यावर, म्हणजे २१ मि.मी.वर, माथा १२ मि.मी. चढतो. त्यामुळे दोन आखूड भिंतींचा मधला टोकदार माथा ४७ मि.मी. उंच. पाखीची, म्हणजे छपराच्या एका उताराची, तिरकी लांबी २४.२ मि.मी. भरते. ८ फुटी पत्रा १:८७ मध्ये २८ मि.मी. होतो, म्हणजे पावणेचार मि.मी. (फूटभर) बाहेर झुकते. एका पाखीला एकच पत्रा पुरतो, मध्ये जोड नको.

हे सगळे जाड कागदावर खऱ्या आकारात काढून, कापून, सेलोटेपने जोडा आणि लेआउटवर ठेवून पाहा. दहा मिनिटांचे काम आहे. खोली रुळाला फार जवळ आली, दार भलत्या बाजूला गेले, हे इथेच कळते. सर्वांत लांब डबा हाताने ढकलून तिच्याजवळून न्या, विशेषतः वळणावर. वळणाच्या आतल्या बाजूला डब्याचे पोट आणि बाहेरच्या बाजूला डब्याची टोके रुळाबाहेर येतात.

सामान

सनबोर्ड ५ मि.मी., वहीच्या पानाएवढा तुकडा पुरतो. फ्लेक्स आणि बोर्ड बनवणाऱ्यांकडे कातरण पडलेली असते, मागितली तर मिळते. मात्र कड पाहून घ्या. आरपार एकसारखा पांढरा असेल तो पीव्हीसी फोमचा, तो हवा. दोन कागदांच्या मध्ये थर्माकोलसारखे भरलेले असेल तो फोम बोर्ड, त्यावर रेघ ओढली की कागद फाटतो.

बाकीचे मेन रोड, एमजी रोड किंवा कॉलेज रोडच्या स्टेशनरी आणि हार्डवेअरच्या दुकानांत होते: नवी पाती असलेला कटर, १५ सें.मी.ची स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, २४० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, १ मि.मी. माउंट बोर्ड (कडक पुठ्ठा), ओएचपी शीट (खिडकीच्या काचेसाठी पारदर्शक प्लास्टिक), फेविक्विक, फेविकॉल, फेविबॉन्ड, मॅट वार्निश, अॅक्रिलिक रंग (पांढरा, काळा, बर्न्ट अंबर, पिवळा ओकर, थोडा निळा) आणि पांढऱ्या सिमेंटची पावडर पुट्टी, दोन चमचे. पुट्टीची गोणी विकत घेऊ नका, शेजारी कुणाकडे तरी रंगकाम चालू असतेच. दगड कोरायला कंपासचे टोक आणि घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हर सेटमधला १.५ मि.मी.चा चपटा स्क्रूड्रायव्हर. छपरासाठी जेवण पॅक करायचा अॅल्युमिनियमचा डबा आणि एम५ चा (५ मि.मी. जाडीचा) आट्यांचा रॉड, वीतभर.

भिंती कापणे

आखूड भिंती दोन, ४२ मि.मी. रुंद, कडेला ३५ आणि मध्ये ४७ उंच. लांब भिंती दोन, ६० बाय ३५. लांब भिंती ७० च्या नाहीत, त्या आखूड भिंतींच्या मध्ये बसतात आणि दोन बाजूंचे ५+५ मिळून ७० भरते. उलट केले, म्हणजे आखूड भिंती मध्ये घातल्या, तर छपराच्या उताराची रेघ कोपऱ्यात तुटते.

कटरने एका दमात ५ मि.मी. कापायला जाऊ नका. पाते झुकते आणि मागची कड पुढच्या कडेपेक्षा मि.मी.भर सरकते. पट्टी घट्ट धरून पहिला हात हलका, मग चार-पाच हात जोर वाढवत. खिडक्यांचे चारही कोपरे आधी कंपासने आरपार टोचून घ्या आणि कोपऱ्याकडून मध्याकडे कापा, म्हणजे कापलेली रेघ कोपऱ्यापुढे पळत नाही. सनबोर्ड तापवलेल्या तारेने किंवा सोल्डरिंगने कापू नका. पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, तो फुफ्फुसाला वाईट आणि हत्यारालाही गंज आणतो. घासताना मास्क लावा.

कापून झाले की बाहेरची तोंडे २४० नंबरने गोल फिरवत घासा. चकाकी पूर्ण जायला हवी. सनबोर्डाची वरची साय कडक असते. ती तशीच ठेवली तर कंपासचे टोक घसरते आणि रंगही पापुद्र्यासारखा सुटतो.

दगड कोरणे

सगळ्या कामाचे यश इथे ठरते, म्हणून घाई इथे करायची नाही. चारही भिंती मिळून सहाशेच्या वर दगड होतात. एका बैठकीत एक भिंत, पुरे.

आधी रुंदीचा हिशेब. खऱ्या भिंतीत दरज अर्धा ते पाऊण इंच असते, १:८७ मध्ये ०.१५ ते ०.२ मि.मी. तुमची रेघ अर्धा मि.मी. रुंद झाली तर ती पावणेदोन इंचांची दरज झाली, म्हणजे बोटे जातील एवढी फट. नवख्यांच्या भिंती खेळण्यातल्या किल्ल्यासारख्या दिसतात त्या यामुळे. दुसऱ्या टोकाची चूकही होते: कटरच्या पात्याने रेघ ओढली तर चीर पडते, खाच पडत नाही, आणि पहिल्याच रंगात ती बुजते. कंपासचे टोक पॉलिश पेपरवर दोनदा फिरवून किंचित बोथट करा. ते फाडत नाही, दाबून खाच पाडते.

पेन्सिलने २.५ मि.मी. अंतरावर आडव्या रेघा आखा. पट्टी लावून कंपासने दोन हलके हात फिरवा. खोल जायचा मोह टाळा, कारण खोल रेघेच्या दोन्ही कडांना बांध उठतो. उठलाच तर नखाने किंवा जुन्या टूथब्रशने बसवा. दोन्ही टोकांना ६ मि.मी. जागा कोरी सोडा, कोपऱ्याचे दगड भिंती जोडल्यावर करायचे आहेत.

उभ्या रेघा पट्टीशिवाय, हाताने. स्क्रूड्रायव्हरची धार उभी धरून दाबायची, की एक सांधा झाला. दगडाची लांबी ३ पासून ६ मि.मी.पर्यंत बदलती ठेवा: लांब, आखूड, मध्यम, पुन्हा आखूड. सगळे ४ मि.मी. केले की ती विटांची भिंत झाली. आणि सांधेमोड पाळा. खालच्या थरातल्या सांध्यावर वरच्या थरातला सांधा येता कामा नये, निदान दगडाची पाव लांबी तरी सरकायला हवा. दोन थर सांधा एका रेषेत आला तरी डोळ्याला खटकतो. तीन आले तर भिंतीला तडा गेल्यासारखे दिसते. दगड कधीही रुंदीपेक्षा उंच नको. गवंडी दगड आडवा निजवतो, उभा करत नाही.

दार-खिडकीच्या माथ्यावर एकच लांब दगड: १३ मि.मी. लांब, एक थर उंच, उघडणीच्या दोन्ही बाजूंना २ मि.मी. टेकलेला (दारावर साडेचौदा). या दगडाच्या खाली आधार नसताना मध्येच सांधा काढणे ही हमखास होणारी चूक. कमान करायची असेल तर दगडांची संख्या विषम ठेवा, ७ किंवा ९, म्हणजे मधला दगड बरोबर मध्यावर येतो. पहिल्या इमारतीला मात्र सरळ माथाच बरा.

शेवटी तोंडाला खडबडीतपणा. पाच-सहा दगड सोडून एकाच्या एका कोपऱ्यावर स्क्रूड्रायव्हर तिरका दाबा, तो भाग किंचित खाली जातो. चुरगळलेल्या फॉइलची गोळी सगळ्या भिंतीवर हलकी दाबत फिरवा. पुरे. पाथरवटाच्या टाकीचे घाव १:८७ मध्ये दिसत नाहीत, ते कोरायला गेलात तर भिंतीला देवी आल्यासारखे होईल.

जोडणी आणि कोपरे

सनबोर्डाला फेविकॉल धरत नाही. तो पाणी सुकून घट्ट होतो आणि इथे पाणी शोषायला काही नाही. फेविक्विक वापरा, पण ठिपक्या-ठिपक्यांनी. पाइपचे सोल्यूशन टाळा, पातळ कड विरघळून खचते. आरशाचा किंवा लादीचा तुकडा खाली ठेवून, गुण्याला टेकवून आधी एक आखूड आणि एक लांब भिंत जोडा. असे दोन ‘एल’ झाले की ते एकमेकांना जोडा. चार भिंती एकदम उभ्या केल्या की चौकोन तिरका होतो आणि ते छप्पर ठेवेपर्यंत लक्षात येत नाही.

लांब भिंतींच्या बाजूने आता कोपऱ्यापासून ५ मि.मी.वर जोडाची उभी रेघ दिसेल, आणि त्या पट्टीत सनबोर्डाची सच्छिद्र कापलेली कड. पुट्टीत फेविकॉलचे दोन थेंब टाकून दाट कालवा, जोडात आणि कडेवर बोटाने चोळा, वाळल्यावर ४०० नंबरने घासा. मग थर कोपऱ्यावरून वळवायचे. पट्टीने हे कधीच सरळ येत नाही. पेन्सिल एका ठोकळ्यावर चिकटवा, तिचे टोक पहिल्या थराच्या उंचीला आणा आणि खोली तिच्याभोवती फिरवा. पुढच्या थराला ठोकळ्याखाली २.५ मि.मी.ची भर घाला.

कोपऱ्याचे दगड बाकीच्यांपेक्षा मोठे आणि नीट घडलेले. एका थरात पुढच्या बाजूला लांब (५ मि.मी.) आणि बाजूला आखूड (२.५), वरच्या थरात उलट. हे आलटून-पालटून चढले की दोन भिंती एकमेकींत गुंतल्यासारख्या दिसतात, आणि पुट्टी भरलेला जोडही दर दुसऱ्या थरात दगडाच्या सांध्याशी जुळून जातो.

जोते म्हणजे त्याच सनबोर्डाचा ७३ बाय ४५ चा तुकडा, भिंतीबाहेर दीड मि.मी. डोकावणारा. त्यावर दोनच थर, दगड मोठे. दारापुढे माउंट बोर्डाच्या दोन पायऱ्या.

खिडक्या

चौकट माउंट बोर्डाच्या ०.८ मि.मी. पट्ट्यांची, भिंतीच्या तोंडापासून २ मि.मी. आत. गज हवेत, ते नसले तर खोली आपल्याकडची वाटत नाही. ०.७५ चौ.मि.मी.च्या फ्लेक्सिबल वायरमध्ये ०.२ मि.मी.च्या २४ तारा असतात. एक तार १:८७ मध्ये पाऊण इंचाचा गज होते. एका खिडकीला सहा, चार खिडक्यांना चोवीस, म्हणजे वायरचा एकच तुकडा पुरतो. तार सरळ करायला दोन्ही टोके पकडीत धरून हलका ताण द्या. ओएचपी शीट सगळ्यात शेवटी आणि फेविकॉलनेच चिकटवा. फेविक्विकच्या वाफेने शीटवर पांढरे धुके बसते, ते निघत नाही.

रंग

परदेशी पद्धतीत भिंत फिकी रंगवतात आणि दरजांत काळपट पाणी सोडतात. तिकडचा दगड फिका, म्हणून ते चालते. आपल्याकडे उलट: दगड गडद, दरज फिकी. काळ्या पाण्याने रंगवलेली नाशिकची भिंत फोटोच्या निगेटिव्हसारखी दिसते.

आधी राखाडी प्रायमरचा पातळ हात. मग मूळ रंग: पांढरा ३ भाग, काळा २ भाग, बर्न्ट अंबर अर्धा भाग, निळ्याचा नुसता स्पर्श. सगळा एकदाच कालवा, दुसऱ्यांदा तीच छटा येत नाही. दुधाइतका पातळ करून दोन हात द्या. इथे जाड रंग लावला तर ०.२ मि.मी.ची दरज भरून जाईल आणि चार बैठकींचे कोरीव काम रंगाखाली गाडले जाईल. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात रंग ब्रशवरच वाळतो. पंखा बंद करून, सकाळी रंगवा.

वाळल्यावर मूळ रंगातच थोडा काळा, थोडा अंबर, थोडा निळा असे तीन वाटे काढा आणि बारीक ब्रशने सुटे दगड उचला. दहातले दोन-तीन दगड, जास्त नाही. शेजारचे दोन एकाच छटेचे नकोत. फरक इतका सौम्य हवा की हातभर अंतरावरून वेगळे दगड मोजता येऊ नयेत, नुसती भिंत जिवंत वाटावी. एक दिवस वाळू द्या, मग मॅट वार्निशचा हात.

आता दरजा भरायच्या. चमचाभर पुट्टी, दीड-दोन चमचे पाणी, चिमूटभर ओकर आणि किंचित काळा. पातळ मठ्ठ्याइतके झाले पाहिजे. चुन्याची जुनी दरज पांढरीशुभ्र कधीच नसते, मळकट सायीसारखी असते. ब्रशने भिंतभर लावा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसा. पुसायचे कर्णाच्या दिशेने, तिरके. रेघेच्या दिशेने पुसले तर स्पंज दरजेतली पुट्टी ओढून काढतो. स्पंज ओला राहिला तरी तेच. प्रत्येक पुसण्याआधी त्याची बाजू बदला. एका वेळी एकच भिंत घ्या, पुट्टी पावसाळ्यातही अर्ध्या-पाऊण तासात ऐकेनाशी होते. दगडांवर पांढुरकी छाया उरली तर घाबरू नका, वाळल्यावर काळ्या-अंबरच्या अगदी पातळ पाण्याचा एक हात तोंडावरून फिरवा, ती बसते. वार्निश न देता पुट्टी लावली असेल तर मात्र डाग रंगात मुरतो आणि भिंत पुन्हा रंगवावी लागते.

झीज दाखवायची ती कारणासकट दाखवा. जोत्यापाशी आणि पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात शेवाळाची हिरवट-काळी झाक. गजांच्या खाली गंजाचा ओघळ, केसाएवढा. रुळाकडच्या भिंतीवर खालच्या १५ मि.मी.त ब्रेकच्या धुळीचा तांबूस तपकिरी थर, खडूची पूड कोरड्या ब्रशने. बाकी भिंत स्वच्छ ठेवा. सगळीकडे सारखी घाण केली की ती घाण राहत नाही, तो नुसता दुसरा रंग होतो.

पत्रा

पन्हळी पत्र्याच्या दोन लाटांमध्ये ३ इंच अंतर असते, १:८७ मध्ये ०.८७ मि.मी. एम५ रॉडच्या आट्यांचे अंतर ०.८ मि.मी. याहून जवळचे आणि स्वस्त हत्यार सापडणार नाही. जेवणाच्या डब्याचा सपाट तळ कापून माउसपॅडवर ठेवा आणि त्यावरून रॉड दाबून लाटण्यासारखा एकदाच लाटा. मागेपुढे केला तर रेघेवर रेघ पडते. घरातली पातळ फॉइल नको, ती हाताळतानाच सपाट होते. आट्या मळसूत्री असल्यामुळे लाटा सुमारे ३ अंश तिरक्या येतात. म्हणून पत्रे नंतर कापा, आणि कापताना गुण्या फॉइलच्या कडेला न लावता लाटेला लावा.

एक पत्रा ८ मि.मी. रुंद, २८ लांब. एका पाखीला ११, दोन्हींना २२. खाली माउंट बोर्डाच्या ७७ बाय २८ च्या दोन पाख्या आढ्यापाशी जोडून घ्या. पत्रे फेविबॉन्डने, प्रत्येकी १ मि.मी. अंगावर अंग घेऊन चिकटवा. पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणून लेआउटवर पूर्व-पश्चिम ठरवून सुरुवात पूर्वेच्या टोकापासून करा. म्हणजे पश्चिमेचा पत्रा वर येतो आणि वारा सांध्यात शिरत नाही. कुणी पाहणार नाही, पण पाहणारा एखादा असतोच. आढ्यावर ५ मि.मी. रुंद फॉइलची टोपी. दोन-तीन पत्रे वेगळ्या गंजाच्या छटेत रंगवा आणि छपरावर चार बारीक खडे ठेवा, वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवतात तसे. छप्पर भिंतीला चिकटवू नका, पुढेमागे आत दिवा लावायचा झाला तर ते उचलता आले पाहिजे.

जागेवर बसवणे

जमिनीवर नुसती ठेवलेली खोली तरंगते. जोत्याखाली केसभर फट राहिली तरी तिच्यातून उजेड दिसतो. जोत्याच्या आकाराचा दीड मि.मी. खड्डा करून ती आत बसवा आणि कडेने चाळलेली काळी माती पातळ फेविकॉलने लावा. माती आधी तव्यावर भाजून घ्या, नाही तर पावसाळ्यात लेआउटवर बुरशी येते. दारापुढची माती तुडवलेली, गुळगुळीत आणि फिकी, मागच्या भिंतीशी गवत. पागोळ्यांच्या रेषेखाली मातीत बोथट काडीने एक उथळ ओळ काढा, छपराच्या कडेच्या बरोबर खाली, भिंतीपासून तीन मि.मी.वर.